चूलबंद आवतण

१

सकाळी डोळे उघडले की माणूस देवाचं नाव घेतो. आमचे मालक मोबाईल उघडून घराचा भाव बघतात. नेप्तीच्या बाजारात शेतकरी कांद्याचा भाव बघतो ना, तसंच. "उतरला," म्हणतात आणि तोंड धुवायला जातात. मी चहाचं आधण ठेवते. गेली दोन-अडीच वर्षं आमचा दिवस असाच उगवतोय.

आमचं रो-हाऊस नगरजवळ केडगावात, पुणे रोडपासून बरंच आत. समोरासमोर दोन ओळी, मध्ये खडीचा रस्ता, आणि कमानीवर मोठ्या अक्षरात 'वसंतवैभव'. वैभव कसलं डोंबलाचं! दोन्ही ओळींत मिळून माणसं राहतात असं घर एकच, आमचं. बाकीची काही पुण्याच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलपं लावून ठेवलेली, काही बिल्डरकडंच पडून राहिलेली. आम्ही घेतलं तेव्हा बिल्डर म्हणाला होता, वर्षभरात बघा, पाय ठेवायला जागा उरणार नाही. मग या कॉलनीचा भाव उतरला, तिचं बघून शेजारच्या कॉलनीचा उतरला, आणि एक दिवस बिल्डरचा फोनच लागायचा बंद झाला.

मला भावाचं काही पडलेलं नव्हतं. मला माणूस पाहिजे होतं. मी भर गावात, माळीवाड्यात वाढलेली. घराला घर लागून. आमटीला फोडणी दिली की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "आज शेवग्याची का गं?" इथं दुपारी कुकरची शिट्टी झाली तरी मला बरं वाटायचं, कुणीतरी बोललं म्हणून. घरात सासूबाई आहेत, चांगुणाआत्या. पण त्या दुपारभर घोरतात आणि जाग्या असल्या की त्यांना काष्टीच्या बैलबाजाराशिवाय विषय नाही.

म्हणून मला हे घर विकून गावात परत जायचं होतं. मालकांचं एकच पालुपद. घेतलं त्याच्या खाली एक रुपयानंही देणार नाही. म्हणजे माझी सुटका भावावर अडकलेली, आणि भाव रोज सकाळी उतरलेला.

२

गिऱ्हाईक यायचं. आणायचा छगन. छगन म्हणजे केडगावचा एजंट, गळ्यात गमछा आणि दोन कानांना दोन फोन. गिऱ्हाईक फरशीवर पाय घासून बघायचं, नळ सोडून बघायचं, "छान आहे" म्हणायचं. मग गच्चीवर जायचं. खाली उतरताना त्याचा चेहरा पडलेला असायचा.

"शेजारी कोण आहे?"

"येतील की आता," मालक म्हणायचे.

गिऱ्हाईक गाडीत बसायच्या आत आमचा भाव आणखी खाली गेलेला असायचा.

एके दिवशी छगन ओट्यावर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "वहिनी, लोक घर घेत नाहीत. शेजार घेतात. तुम्ही असं करा, समोरच्या घरांपुढं दोऱ्या बांधा. जुनीपानी लुगडी, टॉवेल, पोरांचे शर्ट वाळत घाला. दारात चपला ठेवा. लांबून बघणाऱ्याला काय कळतंय?"

"आणि कुणी बेल वाजवली म्हणजे?"

"कामाला गेलेत म्हणायचं. आजकाल दुपारचं घरी असतं कोण?"

मला पटलं. रोजच्या रिकाम्या दुपारीला तेवढाच उद्योग. सकाळी मालक एमआयडीसीत कामाला गेले की मी घरातलं गाठोडं सोडायची आणि ओळीभर फिरून आयुष्यात न केलेला संसार मांडायची. चार नंबरला नवीन लग्न झालेलं जोडपं, म्हणून तिथं टिकल्यांची साडी. सहा नंबरला म्हातारी माणसं, म्हणून धोतर आणि हिरवं लुगडं. आठ नंबरला पोरंबाळं. खरं सांगते, मला मजा यायला लागली. चार नंबरची सून जरा आळशी आहे असंसुद्धा मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी कपडे काढून आणायचे. तेव्हाची गोष्ट. सहा नंबरचं धोतर हाताला ओलं लागलं.

मी वर बघितलं. आभाळ लख्ख. धोतर नाकाला लावलं तर साबणाचा वास.

३

"आत्या, तुम्ही धुतलं का हे?"

"मी? माझ्या गुडघ्याला इचार की जाऊन."

आत्यांचं खरं होतं. त्यांना उंबरा ओलांडायला चौकटीचा आधार लागतो. मग मी स्वतःची समजूत घातली, टँकरवाल्यानं पाइप सोडताना पाणी उडालं असेल. साबणाचं काय? असेल टँकरात साबण. आपल्याकडच्या टँकरात काय नसतं!

दुसऱ्या दिवशी सगळेच कपडे ओले. तिसऱ्या दिवशी निळा टॉवेल, त्याची कड कधीपासून उसवलेली, ती कुणीतरी शिवलेली. बारीक, सुबक टाके. लाल दोऱ्यानं.

मालकांना दाखवला. त्यांनी उलटा करून बघितला. "तूच शिवला असशील. विसरलीस."

"निळ्या टॉवेलाला मी लाल दोरा लावीन? मला काय अक्कल नाही?"

"दिसला नसेल रंग."

"मला टाकेसुद्धा एवढे बारीक येत नाहीत हो!"

"मग तर चांगलंच झालं," म्हणाले आणि त्याच टॉवेलानं तोंड पुसत मोबाईल उघडला. "आज उतरला नाही. तिथंच आहे."

बायको वेडी झाली असली तरी भाव स्थिर आहे, एवढ्यावर माणूस खूश. मी कपाळावर हात मारला. पण गाठोडं बांधताना एकेका कपड्याची कड तपासून बघितली.

४

त्याच आठवड्यात छगन धावत आला. पुण्याहून परत नगरला बदली झालेलं एक जोडपं, अमृत आणि सुकन्या, रविवारी घर बघायला येणार. पैशाला मागंपुढं बघणारी माणसं नाहीत, पण सुकन्याचं एकच म्हणणं, शेजार पाहिजे. तिला दिवस गेलेले, नवरा दिवसभर बाहेर.

"नुसत्या कपड्यांनी भागायचं नाही," छगन म्हणाला. "माणसं दिसली पाहिजेत. काहीतरी कार्यक्रम काढा."

आत्या खाटेवरून म्हणाल्या, "वास्तुशांत ऱ्हायलीय की घराची."

मालक चहा घेता घेता ठसकले. "विकायच्या घराची वास्तुशांत?"

"मग? बाजारात बैल न्हेताना शिंगं रंगीवत्यात का न्हाई? घराची शिंगं रंगवा."

आता याच्यावर कोण काय बोलणार! ठरलं. रविवारी वास्तुशांत, आणि काष्टीहून मालकांचे चुलतभाऊ रामहरीभाऊजी टेम्पो भरून भावकी आणणार. भावकीनं येऊन ओळीतले शेजारी असल्यासारखं वागायचं. भावकीला जेवण मिळाल्याशी मतलब, ती लगेच तयार झाली.

शनिवारी सकाळी आत्यांनी ताटलीत हळदकुंकू आणि अक्षदा घेतल्या. "चल. आवतण द्यायचंय."

"कुणाला?"

"वळीला. घर हाय तिथं आवतण गेलंच पायजे. एवढी दारं समोर आसताना पंगत बसवायची आन् कुनाला सांगायचं न्हाई, ही रीत न्हवं."

"आत्या, तिथं कुणी राहत नाही."

"तू रोज त्यांची धुनी वाळत घालतीस, आन् राहत न्हाई व्हय?"

मी हसले. हसतच त्यांना धरून दारोदार नेलं. त्या प्रत्येक कुलपाला हळदकुंकू लावायच्या, उंबऱ्यावर अक्षदा ठेवायच्या आणि काष्टीच्या बाजारात पुकारावं तसं पुकारायच्या, "उद्या आमच्याकडं वास्तुशांत हाय. चूलबंद आवतण हाय बरं का!"

चूलबंद म्हणजे घरातल्या एकट्यादुकट्यानं यायचं असं नाही. लहान, थोर, म्हातारं, आजारी, असतील नसतील तेवढ्यांनी यायचं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही.

सगळी दारं झाली. परत फिरताना मला वाटलं, पाठीमागं कुठंतरी कडी वाजली. "मांजर असंल," आत्या म्हणाल्या. मी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

५

रविवारी आचारी सकाळीच लापशी, वांग्याची भाजी, आमटी-भात करून गेला. भटजी होम उरकून दुसऱ्या कार्याला पळाले. अमृत आणि सुकन्या वेळेवर आले. पोरगी गोड होती. माझ्याकडं बघून हसली आणि मी घाईनं तिला जिन्याकडं वळवलं, कारण मला तिला फसवायचं होतं.

मी तिला वर घर दाखवत होते तेव्हा खाली पंगत बसली. जिन्यातून बघितलं तर हॉल भरलेला, पलीकडची खोली भरलेली, अंगणात मांडवाखाली माणसं बसलेली. चला, आला बाई टेम्पो! मी पदर खोचून वाढायला घेतलं. मालक भात वाढत होते, छगन गमछा कमरेला बांधून आमटी.

काष्टीची भावकी एवढी शांत असते हे मला माहीत नव्हतं. एरवी त्यांच्यातले दोन जण बोलायला लागले की श्रीगोंद्यापर्यंत ऐकू जातं. आज नुसता पत्रावळींचा आवाज. म्हणलं, पाहुणे आलेत म्हणून जपून वागत असतील. गुणाची माणसं!

एक हिरव्या लुगड्यातली बाई मान खाली घालून जेवत होती. मी लापशी वाढली.

"बास, बास. लई दिसांनी गरम जेवले बग, सविता."

"घ्या हो, लाजू नका."

"एक सांगू का? ऱ्हाग मानू नको. कपडे वाळत घालतीस ते धून तरी घालत जा. मळकी धुनी दोरीवर बघून जीव ऱ्हात न्हाई माझा."

मला भयंकर लाज वाटली. हे नाटक आमच्या मालकांनी काष्टीपर्यंत सांगितलं की काय! मी रागानं त्यांच्याकडं बघितलं. ते आनंदात भात वाढत होते.

सुकन्या खाली येऊन त्या बाईशेजारीच टेकली. दोघी बोलायला लागल्या. सुकन्या हसत होती. एका म्हाताऱ्यानं अमृतला हातानं खूण करून बसवून घेतलं. छगन माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "वहिनी, काय माणसं आणलीत भाऊजींनी! एक नंबर!"

तेवढ्यात स्वयंपाकघरात माझा फोन वाजला. रामहरीभाऊजी.

"वहिनी, माफी करा. कोळगावच्या पुढं टेम्पोचा पाटा तुटलाय. सगळी रस्त्यावर उभी हायत. तुमी पंगत थांबवू नका, आमाला उशीर हुईल."

मी म्हणाले, "बरं." 

६

फोन ठेवला आणि मी दारात आले. आपलं मन असं वेडं, पुरावा शोधायला लागलं. शेजारच्या कॉलनीतली माणसं असतील, वास घेऊन आली असतील. फुकटचं जेवण कुणाला नको? तसं असेल तर बाहेर चपलांचा ढीग असेल.

दारात चपला होत्या. मालकांच्या, माझ्या, आत्यांच्या, छगनचे बूट, अमृत-सुकन्याच्या सँडल. बस. एवढं घर भरून माणसं, आणि सगळी अनवाणी आलेली. शेजारी शेजाऱ्याकडं येतो तशी.

मी रस्त्यापलीकडं बघितलं. समोरच्या दारांपुढं मी ठेवलेल्या चपला होत्या तिथंच होत्या.

आत वळून एकेका चेहऱ्याकडं बघायचं ठरवलं. देवाशप्पथ बघितलं. पण एकाकडून नजर दुसऱ्याकडं नेली की पहिल्याचा चेहरा आठवेना. मिशी होती का, चष्मा होता का, काही नाही. लापशी वाढली एवढं आठवायचं. मी पदर तोंडात कोंबला. ओरडले असते तर सुकन्या घाबरली असती, घर विकायचं राहिलं असतं, आणि मी त्या ओळीत कायमची राहिले असते. म्हणून नाही ओरडले. वरून एकेकाला मठ्ठा वाढला.

जेवणं झाली. माणसं उठली, हात धुतले, एकेक करून रस्ता ओलांडून गेली. कोण कुठं गेलं ते बघायचं धाडस होईना. सगळ्यात मागं ती हिरव्या लुगड्यातली. आत्यांशी बोलत बोलत फाटकापर्यंत गेली, मग एकटीच सहा नंबरकडं निघाली. मांडवाचा बांबू आड आला म्हणून मी मान वाकडी केली.

दार बंद होतं. कुलूप होतं, त्यावर आत्यांनी लावलेलं हळदकुंकू होतं. बाई दिसत नव्हती. फक्त बंद दाराच्या फटीत लुगड्याचा काठ अडकलेला होता, बाहेर, वीतभर. मी बघत असतानाच तो हळूच आत ओढला गेला.

टेम्पो दिवस मावळायच्या सुमारास आला. भावकी पोटभर जेवली. एवढ्यांना अन्न कसं पुरलं, ते मी पातेल्यात वाकून बघितलं नाही.

७

अमृत-सुकन्यानं घराचा इसार दिला, खरेदीखत तेवढं राहिलं. मालकांनी सांगितला तो भाव, खळखळ नाही. मालकांचं आनंदाचं तोंड बघवत नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छगननं आणली असतील माणसं." छगनला विचारलं, तो म्हणाला, "भाड्यानं माणसं आणायला ही काय प्रचाराची सभा आहे का, वहिनी? ती तुमच्या काष्टीचीच." दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि दोघांची झोप शाबूत राहिली.

माझी उडाली. गावात, माळीवाड्यात, भाड्यानं दोन खोल्या बघितल्या होत्या, तिथं भिंतीपलीकडं खरी बाई खरी फोडणी देत होती. मला तिथं पळायचं होतं. पण डोळे मिटले की सुकन्याचं पोट दिसायचं. पहिलटकरीण पोरगी, आणि तिला मी कुणाच्या शेजारात सोडून चालले होते?

सामान हलवायच्या दिवशी दुपारी मालक टेम्पो आणायला गेले. आत्या आत पडलेल्या. मी बरण्या कागदात गुंडाळता गुंडाळता थांबले, बाहेरच्या खोलीत आले आणि सुकन्याला फोन लावला. म्हणलं, होईल ते होवो. व्यवहार मोडला तर मोडला.

"सुकन्या, अजून वेळ गेलेली नाही. घर घेऊ नकोस. या ओळीत कुणी राहत नाही गं. एकसुद्धा माणूस नाही."

ती खळखळून हसली. "सविताताई, काकू म्हणाल्याच होत्या, जायच्या वेळी सविता असं काहीतरी बोलेल. तिचा जीव अडकलाय म्हणे या ओळीत."

"कुठल्या काकू?"

"हिरव्या लुगड्यातल्या हो, सहा नंबरच्या. खरं सांगू का, तुम्ही जाणार म्हणून माझं मन होत नव्हतं. तुम्ही इतक्या चांगल्या. पण त्या म्हणाल्या, सविता काही लांब जात नाही, आमच्यातच राहायला येणार आहे, रोज भेटेल तुला. मग मी यांना म्हणलं, घेऊनच टाकू." तिचा आवाज मऊ झाला. "माझ्या बाळंतपणात तुम्ही सगळ्या आहात म्हणाल्या. मला किती धीर आलाय सांगू!"

मी फोन ठेवला.  आत्यांना उठवायचं, रिक्षा धरायची, सामान गेलं खड्ड्यात, असं ठरवून आत गेले.

खाट रिकामी होती. चौकटीला धरल्याशिवाय ज्यांना उंबरा ओलांडता येत नाही, त्या आत्या घरात कुठंच नव्हत्या. स्वयंपाकघरात आले तर मी गुंडाळून ठेवलेल्या बरण्या नव्हत्या. कागद तेवढे नीट घडी घालून ओट्यावर ठेवलेले.

मी अनवाणीच बाहेर धावले. टळटळीत ऊन. सहा नंबरच्या कुलपावर कोळ्यानं जाळं धरलेलं. आणि आतून डबे लावल्याचा आवाज येत होता. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, टाकटूक. मध्येच कुणीतरी काहीतरी बोललं आणि चार-पाच बायका एकदम हसल्या. त्यांच्यात एक हसणं आत्यांचं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना इतकं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं.

मला ओरडायचं होतं. मालकांना फोन करायचा होता, पुणे रोडपर्यंत धावत सुटायचं होतं. सगळं आत्ताच्या आत्ता करायचं होतं.

"सविता ए सविता," आतून आत्यांनी हाक मारली. "मिठाची बरनी वर ठिवू का खाली?"

आणि माझ्या तोंडातून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, उत्तर गेलं.

"खाली ठेवा, आत्या," मी म्हणाले. "वर माझा हात पुरत नाही."